स्वतःला वजा करून

लामाच्या नवजात पिल्लाचं वजन करायची एक साधी रीत आहे. बाथरूममधला वजनकाटा गोठ्यात आणायचा. आधी आपण एकट्यानं त्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. मग पिल्लाला छातीशी धरून पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की उरतं ते पिल्लाचं वजन.

गेल्या मे महिन्यात मी हे लागोपाठ तीन दिवस केलं. शनिवारी ८०.२ वजा ६८.४, म्हणजे ११.८ किलो. रविवारी पिल्लाला घेऊन उभा राहिलो तर काट्यावर पुन्हा ८०.२. मी खूश. म्हटलं, वजन टिकून आहे. गोठ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, आधी तू स्वतः उभा राहा. मी म्हटलं, माझं कालच केलंय की. त्या नुसत्या काट्याकडे बोट दाखवून थांबल्या. उभा राहिलो. ६८.६. म्हणजे पिल्लू ११.६ वर आलं होतं. एका रात्रीत ते दोनशे ग्रॅमनी उतरलं होतं आणि मी, आदल्या रात्रीच्या पिझ्झ्याच्या कृपेनं, बरोबर तेवढाच चढलो होतो. बेरीज तीच राहिली म्हणून मला सगळं आलबेल वाटलं होतं.

पहिल्या दिवशी वजन थोडं घटणं तसं नेहमीचंच, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण ते दोनशे ग्रॅम तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. एखाद्या जिवाची काळजी घेताना त्या बेरजेत आपलं वजन किती असतं, हा प्रश्न मला त्या वजनकाट्यावर पहिल्यांदा नीट दिसला. आणि तो फक्त लामापुरता नाही, हेही लगेच कळलं.

*

मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. इंजिनिअरिंग करून इथं आलेल्या हजारो मराठी मुलांसारखाच एक. आठवडाभर कोड लिहितो. शनिवारी विलामेट नदीच्या खोऱ्यात एका बाईंकडे लामांच्या लेंड्या उचलायला जातो, तेही फुकट. हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "लामा म्हणजे ते तिबेटातले?" म्हटलं, ते वेगळे. हे दक्षिण अमेरिकेतले, उंटाचे भाऊबंद, फक्त पाठीवर कुबड नाही. "आणि त्यांचं शेण काढायला तू इंजिनिअर झालास?" याला उत्तर नव्हतं. काम मात्र सोपं आहे. लामा ठरलेल्या जागीच जाऊन लेंड्या टाकतात. इतकी शिस्त आमच्या ऑफिसच्या पँट्रीत नाही.

बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे अठरा लामा. अमेरिकेत १९८०च्या दशकात लामांना सोन्याचा भाव आला होता, पुढे तो बाजार कोसळला आणि पुष्कळ लामा नकोसे झाले. बाईंच्या कळपातल्या काही माद्या अशाच, कुणी कुणी 'घेऊन जा' म्हणून दिलेल्या. त्यातली एक गाभण निघाली. लामाचे दिवस साधारण साडेअकरा महिन्यांनी भरतात. मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेची सोमवारची सुट्टी जोडून आलेली असताना, बाईंनी विचारलं, तीन दिवस राहतोस का? मी लॅपटॉप घरी ठेवून गेलो.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ती मादी कळपापासून जरा बाजूला गेली. लेंड्यांच्या जागी जायची, नुसतीच उभी राहायची, परत यायची. नाकातून एक बारीक हुंकार सतत चाललेला. साडेदहाला पिल्लाचं नाक आणि पुढचे दोन पाय बाहेर आले. आई उभीच होती, मधेच वाकून दोन घास गवत खात होती, आणि तिच्यामागे एक डोकं हवेत लोंबत इकडेतिकडे बघत होतं. मी पुढे सरकलो. बाईंनी स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि मला म्हणाल्या, तूही घाल.

लामा बहुतेक वेळा सकाळी उशिरा किंवा दुपारच्या आत वितात. ती सवय अँडीजची आहे. पेरू-बोलिव्हियाच्या पठारांवर, चार हजार मीटर उंचीवर, रात्री पाणी गोठतं. ओलं पिल्लू रात्री जन्मलं तर सकाळ बघणार नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जी पिल्लं उन्हात जन्मली तीच जगली, आणि ते घड्याळ ओरेगनच्या सपाट, हिरव्या खोऱ्यातही तसंच चालू राहिलं.

पिल्लू धप्पकन गवतावर पडलं. अंगावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण. कळपातल्या बाकीच्या माद्या एकेक करून आल्या, नाक लावून वास घेतला आणि गेल्या. मी आईनं पिल्लाला चाटण्याची वाट बघत होतो, गाय वासराला चाटते तशी. ती चाटेना. मला वाटलं हिनं झिडकारलं की काय. पण लामाची जीभ तोंडात अशी बांधलेली असते की ती फारशी बाहेरच येत नाही. चाटणं तिच्या शरीरात बसत नाही. ती नुसतं नाक लावत होती आणि हुंकारत होती. पिल्लानंही बारीक हुंकार दिला. ओळख झाली.

मी टॉवेल घेऊन उभा होतो. बाई म्हणाल्या, ऊन चांगलं आहे, वारा नाही, थांब. पापुद्रा उन्हात सुकून आपोआप गळू लागला.

मग उठण्याचा कार्यक्रम. पिल्लानं मागचे पाय उचलले आणि नाकावर पडलं. पुढचे पाय उचलले, कुशीवर पडलं. मी नऊपर्यंत मोजलं. दर वेळी माझा पाय पुढे पडायचा आणि दर वेळी बाई मान हलवायच्या. पन्नासाव्या मिनिटाला ते चार काठ्यांवर ठेवलेल्या ओल्या रजईसारखं उभं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे लिहायला हरकत नाही.

स्पॅनिशमध्ये या पिल्लाला 'क्रीआ' म्हणतात. आपल्या 'क्रिया'च्या फार जवळ जाणारा शब्द. पण तो ज्या क्रियापदावरून आला, 'क्रिआर', त्याचा अर्थ पोसणं, वाढवणं. क्रीआ म्हणजे पोसलं जाणारं. कुणी पोसायचं, कितपत पोसायचं, हे त्या शब्दात नाही.

*

हात खिशात ठेवणं हा नियम आहे असं मी समजलो होतो. तो गैरसमज दुपारी दूर झाला.

पिल्लू दूध शोधत होतं. आईच्या पुढच्या पायांमध्ये शोधलं, कुंपणाच्या खांबाला चोखलं, दुसऱ्या एका मादीकडे जाऊन तिची थुंकी खाल्ली. शेवटी कासेपर्यंत पोचलं, सड तोंडात धरला, सोडला, पुन्हा धरला. पोटात काही जात नव्हतं. अडीच तास झाले तेव्हा बाईंनी हात खिशातून काढले. एकदा काढल्यावर त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. मला आईची मान धरायला लावली, कासेखाली बसल्या आणि चारही सड एकेक करून पिळले. प्रत्येकाच्या तोंडाशी मेणासारखा एक बारीक खडा होता, तो निघाला. घट्ट पिवळसर चिकाची धार आली. पिल्लाला जागेवर आणलं, बाजूला झाल्या आणि हात पुन्हा खिशात. एकूण चार मिनिटं. नाळ तेवढी आधीच आयोडीनमध्ये बुडवून घेतली होती.

ही चार मिनिटं इतकी महत्त्वाची का, ते समजून घ्यायला हवं. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात. लामाची वार त्या जाऊच देत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा आजारांशी लढायला त्याच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. जे मिळायचं ते चिकातून. आणि त्यालाही मुदत आहे: त्या मोठ्या प्रथिनांना सबंधच्या सबंध रक्तात शिरू देणारी आतड्याची दारं पहिल्या तासापासूनच मिटायला लागतात, आणि साधारण चोवीस तासांत बंद होतात. त्यानंतर तोच चीक नुसतं अन्न. त्या पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे आमच्या पिल्लाला सव्वा लिटरच्या आसपास, चीक पोटात जायला हवा. न गेला तर पिल्लू दोन दिवस छान दिसतं आणि मग एखाद्या साध्या संसर्गानं जातं. वेळेत लक्षात आलं तर मोठ्या लामाच्या रक्तातला प्लाझ्मा शिरेतून देऊन वाचवता येतं. 'निसर्गाचं निसर्ग बघून घेईल' असं म्हणून बाजूला बसणारा माणूस इथं हळवा नसला तरी निर्दयच ठरतो.

बाई हे समजावत होत्या आणि मला खरवस आठवत होता. तासगावजवळच्या आमच्या आजोळी म्हैस व्यायली की आम्ही मामेभावंडं खरवसासाठी भांडायचो. वेलदोडा, गूळ, मऊ थरथरणाऱ्या वड्या. गाई-म्हशींचंही गणित तेच, वारेतून काही मिळत नाही, सगळं चिकातून. आपण ज्याला खरवस म्हणतो ती खरं तर वासराची औषधाची पेटी. आजीचा नियम होता की पहिला चीक वासराला, उरेल तो घरात, मग शेजारीपाजारी. तिला अँटीबॉडी हा शब्द माहीत नव्हता. तिचा नियम मात्र बरोबर होता, निदान गाईच्या बाबतीत. म्हशीच्या बाबतीत तो कसा मोडायचा, ते पुढे सांगतो.

*

रविवारी संध्याकाळी मी चूक केली.

ऊन उतरताना लामांच्या पिल्लांना एक झटका येतो, ती चारही पाय एकदम उचलून उड्या मारत पळतात. आमच्या दीड दिवसाच्या पिल्लानं तसा पहिला प्रयत्न केला, घसरलं, उठलं आणि सरळ माझ्याकडे आलं. मी गवतात बसलो होतो. त्यानं माझ्या नाकाला नाक लावलं. लामा एकमेकांना भेटतात ते असंच, श्वासाचा वास घेऊन. मोठाले काळे डोळे, लांब पापण्या, कापसासारखी मान. बाई घरात होत्या. मी त्याला मांडीत घेतलं, वीसेक मिनिटं कुरवाळलं, व्हिडिओ काढला आणि चार ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांत सत्तर बदाम आले. 'कसलं गोड', 'तुझी आई वाटतोस रे', 'आम्हालाही पाहिजे'.

बाईंनी खिडकीतून बघितलं होतं. त्या रागावल्या नाहीत. जेवताना त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नर पिल्लाची गोष्ट सांगितली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. त्याची आई वितानाच गेली. बाईंनी ते घरात आणलं, स्वयंपाकघरात ठेवलं, बाटलीनं वाढवलं. ते सोफ्यावर झोपायचं, गाडीत मागच्या सीटवर बसून गावात जायचं, शाळेतली मुलं त्याच्या गळ्यात पडायची. त्याला सगळे 'माणसाळलेलं' म्हणायचे. अडीच वर्षांचं झाल्यावर एक दिवस त्यानं बाईंना छातीनं ढकलून पाडलं, वर बसलं आणि मांडीला चावलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग पोस्टमनवर.

हा काही विकृत प्राणी नव्हता. वयात आलेले लामा नर एकमेकांशी असंच लढतात: छातीनं धडक, मान मानेवर टाकून दाबणं, पायांना चावे. त्यासाठी त्यांना खास सुळे येतात. कळपात वाढलेला नर हे दुसऱ्या नरांशी करतो आणि माणसापासून चार हात लांब राहतो. बाटलीवर, माणसांच्या मांडीत वाढलेल्या नराला मात्र आपण कोण हेच चुकीचं कळलेलं असतं. त्याच्या लेखी आपण त्याच्याच जातीचे असतो. वयात आल्यावर तो आपल्याला प्रतिस्पर्धी समजतो. दीडशे किलोचा प्राणी. लवकर खच्ची केलं तर धोका कमी होतो, पण खात्री नसते. बाईंनी शेवटी डॉक्टरांना बोलावून त्याला इंजेक्शन दिलं. इंजेक्शन देताना तो त्यांच्या हातात नाक खुपसून हुंकारत होता, कारण त्याला दुसरं कुणी माहीतच नव्हतं.

त्या एवढंच म्हणाल्या की त्याच्यावर माझं प्रेम कमी पडलं असतं तर तो म्हातारा होऊन मेला असता.

आमचं पिल्लूही नर होतं. वीस मिनिटांनी काही बिघडत नाही, हे बाईंनीच सांगितलं. बिघडतं ते रोजच्या वीस मिनिटांनी. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

मराठीत 'काळजी' या एका शब्दाला दोन क्रियापदं लागतात. काळजी करणं आणि काळजी घेणं. पहिल्यात माझ्या जिवाला काहीतरी होतं. दुसऱ्यात समोरच्यासाठी काहीतरी होतं. आपण बोलताना दोन्ही सरमिसळ वापरतो आणि बहुतेक वेळा ती एकत्र येतातही. पण ती वेगवेगळी पडू शकतात. बाईंनी सडातले खडे काढले ती काळजी घेणं. पिल्लू नऊ वेळा पडलं तेव्हा माझा पाय नऊ वेळा पुढे गेला ती काळजी करणं. मी त्याला उचललं असतं तर माझी धडधड थांबली असती, पण त्याच्या पायात बळ आलं नसतं.

आणि मांडीतली वीस मिनिटं? ती तर काळजी करणंही नव्हतं. तो निव्वळ माझा लाभ होता. कोन्राड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, गोल गाल, धडपडती चाल दिसली की आपल्यातली पालकवृत्ती आपोआप जागी होते. हे यंत्र माणसाच्या बाळासाठी घडलेलं. पण ते कुत्र्याच्या, बदकाच्या आणि लामाच्या पिल्लानंही चालू होतं. हंसाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्याच्या मागे लागतात, हे जगाला नीट समजावून सांगणाराही लॉरेंझच. म्हणजे फसगत दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मला वाटतं हे माझं बाळ, त्याला वाटतं ही माझी जात. दोघांच्या गैरसमजाची किंमत मात्र एकालाच मोजावी लागते.

नेल नॉडिंग्ज या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९८४ मध्ये 'केअरिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. नीतिशास्त्राचा पाया नियमांत शोधण्यापेक्षा त्यांनी तो काळजीच्या नात्यात शोधला. त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं की काळजी घेणाऱ्याचं लक्ष समोरच्याच्या गरजेकडे पूर्ण वळलेलं हवं. आणि ती काळजी समोरच्यापर्यंत पोचावी, त्यानं ती कशीतरी स्वीकारावी, तेव्हा ते नातं पुरं होतं. माणसांच्या बाबतीत मला हे पटतं. नुसता हेतू चांगला असून भागत नाही, ती समोरच्याला काळजी म्हणून जाणवायलाही हवी. लामाच्या पिल्लापाशी मात्र हे दोन भाग एकमेकांवर आदळतात. त्याच्या गरजेकडे पूर्ण लक्ष दिलं तर कळतं की त्याला माझी ओळख न होणं हीच त्याची गरज आहे. आणि मला प्रतिसाद हवा असेल, ते माझ्याकडे धावत यावं असं वाटत असेल, तर मी त्याच्या गरजेकडे बघणं सोडलेलं असतं.

मग प्रतिसाद कुठे शोधायचा? बाईंकडे त्याचं उत्तर होतं, वजनकाटा. रोज पाव ते अर्धा किलो वाढ. मला न बघता आईच्या मागे पळत जाणं. प्रतिसाद असतो, फक्त तो माझ्या नावानं आलेला नसतो.

यावरून मी स्वतःसाठी एक कसोटी बनवली. ही गोष्ट मीच केली हे समोरच्याला कधीच कळणार नसेल, तरी मी करीन का? सडातले खडे काढीन. पहाटे उठून वजन करीन. वीस मिनिटं मांडीत घेणं, व्हिडिओ काढून? नाही. माझ्या पुष्कळशा मायेचा निकाल या कसोटीवर वाईट लागला.

*

इथं थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता: अंतर ठेवा, तेच खरं प्रेम. पण मला त्या वाक्याची भीती वाटते, आणि तिचं कारण आजोळच्या गोठ्यातच आहे.

गाईची वासरं आजीच्या नियमानं वाढली. म्हशीच्या पारड्याही. पण म्हशीला रेडकू झालं की नियम बदलायचा. त्याला पान्हा फुटण्यापुरतं कासेला लावायचं आणि दोन घोटांत ओढून खुंट्याला बांधायचं. रेड्याचा उपयोग काय? त्याला कुणी मारत नव्हतं. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं एवढंच. आठ-दहा दिवसांत ते जायचं आणि आम्ही खरवस खाल्लेली मुलं 'रेडकू गेलं' असं म्हणून खेळायला जायचो. तिथंही हात खिशातच होते. बाहेरून बघणाऱ्याला बाईंचं अंतर आणि आमचं अंतर यांत काही फरक दिसला नसता.

फरक होता नजरेचा. बाईंचे हात खिशात होते, पण अडीच तास त्यांची नजर पिल्लावरून हलली नव्हती. अँडीजच्या पठारांवर, डिसेंबर ते मार्चच्या पावसाळ्यात पिल्लं जन्मतात तेव्हा, राखण करणाऱ्या बायका-मुलंही अशीच बसतात. कोल्हा आणि काँडर, दोघांचा पिल्लांवर डोळा. राखणारी लांब खडकावर, हातात गोफण, सूत कातत. ती पिल्लाला मांडीत घेत नाही. मोठं झाल्यावर ते ओझं वाहील, लोकर देईल, त्याच्या लेंड्या चुलीत जळतील आणि एक दिवस त्याचं मांसही वाळत घातलं जाईल, हे तिला माहीत आहे. तरी कोल्हा आला तर गोफण सुटते. सहा-सात हजार वर्षांपूर्वी तिथल्याच माणसांनी रानटी ग्वानाकोपासून लामा घडवला. जंगली लामा अशी जात जगात नाही. त्यामुळे 'त्याला त्याच्या निसर्गावर सोडून द्या' हा पर्याय आपल्याकडे उरलेलाच नाही. हात लावायचा की नाही एवढंच ठरवायचं नसतं. कधी, कशासाठी, किती वेळ, हे ठरवायचं असतं.

आपल्या संतांनी कासवीचा दृष्टांत फार वापरला. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. नुसत्या नजरेनं पोसते. प्राणिशास्त्र म्हणून हे चूक आहे. कासवी अंडी घालून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना मला ते भाबडं वाटायचं. आता वाटतं, तो दृष्टांत कासवीबद्दल नव्हताच. न शिवता लक्ष ठेवणं ही एक वेगळी, अवघड गोष्ट आहे, हे सांगायला त्यांना एक प्राणी हवा होता.

आपली भाषाही हे जाणते. आपण जनावर पाळतो, शब्द पाळतो आणि अंतरही पाळतो. तिन्हींत एक सतत चालणारी कृती आहे. पाळलेलं अंतर रोज पाळावं लागतं. नुसतं पडलेलं अंतर आपोआप वाढत जातं.

*

आणि आता जे सांगायचं टाळत होतो ते.

बाबा गेल्यावर आई इचलकरंजीच्या घरात एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. मी इथून चौदा हजार रुपयांचे दोन कॅमेरे मागवले, भाच्याकडून बसवून घेतले. काही हललं की माझ्या फोनवर सूचना. इथं आणि तिथं साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे तिची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ. ती साडेसहाला स्वयंपाकघरात आली नाही की माझा फोन जायचा. "काय झालं?" "काही नाही रे, आज जरा पडून राहिले." दिवसातून चार-पाच वेळा. मी मित्रांना अभिमानानं सांगायचो की आईवर माझं चोवीस तास लक्ष असतं. तेही 'किती करतोस तू' म्हणायचे. तेही बदामच.

मार्चमध्ये एके दिवशी स्वयंपाकघरातला कॅमेरा काळा झाला. नेटवर्क तपासलं, राउटर तपासायला भाच्याला पाठवलं. कॅमेरा ठणठणीत होता. त्यावर भाजीची कापडी पिशवी अडकवलेली होती. मी चिडलो. ती म्हणाली, "अरे, देवापुढं जरा डोळे मिटून बसले तरी तुझा फोन येतो. मी पडायच्या आधी तुझ्या भीतीनंच पडेन." मग म्हणाली, रोज सात वाजता मी तुला एक मिस्ड कॉल देते. नाही आला तर शेजारच्या काकूंना फोन कर, त्यांच्याकडे किल्ली ठेवलीय.

सर्व्हर जिवंत आहे का हे सारखं विचारत राहण्यापेक्षा त्यानंच ठरावीक वेळानं 'मी आहे' असं कळवावं, ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. तिला आम्ही हार्टबीट म्हणतो. नोकरीत मी हे रोज लिहितो. आईच्या बाबतीत मला ते सुचलं नाही, कारण मला तिची खुशाली नको होती, मला माझी धडधड थांबवायची होती. ती पिशवी मला तेव्हा हट्ट वाटली होती. रविवारच्या रात्री, बाईंच्या पाहुण्यांच्या खोलीत छताकडे बघत पडलो असताना, ती वेगळी दिसली.

पण मी अजून साशंक आहे. आईला तिचं घर तिच्यापुरतं हवंय, म्हणून मी लांब राहतो, असं मी आता म्हणू लागलो तर ते बाईंच्या खिशातल्या हातांसारखं असेल की रेडकाकडे न बघण्यासारखं? परदेशात राहणाऱ्या आम्हा मुलांना 'स्पेस' हा शब्द फार सोयीचा आहे. आठ हजार मैलांचं अंतर मी आईसाठी पाळलेलं नाही, ते माझ्या पगारासाठी पडलेलं आहे. त्याला सद्‌गुणाचं नाव देण्याचा मोह होतो तेव्हा मला स्वतःला पुन्हा काट्यावर उभं करावं लागतं. कालचा आकडा चालत नाही. आपलं वजन रोज बदलतं.

सोमवारी सकाळी वजन केलं. आधी मी एकटा, ६८.५. मग पिल्लाला घेऊन, ८०.४. म्हणजे ११.९. बाईंनी वहीत आकडा लिहिला. मी पिल्लाला खाली ठेवलं, ते माझ्याकडे न बघता आईच्या कासेकडे गेलं आणि या वेळी पहिल्या फटक्यात सड सापडला.

संध्याकाळी घरी परतताना गाडी चालवत असताना साडेसहाला, म्हणजे तिथं सातला, फोन एकदा वाजून बंद झाला. खरं तर उलट फोन करायचा नसतो, असं ठरलंय. मी केला. आईनं उचलला आणि आधी विचारलं, "वाढलं का रे वजन त्याचं?" म्हटलं, शंभर ग्रॅम जन्मापेक्षा जास्त. "मग झालं तर," ती म्हणाली, "आणि त्याला सारखं उचलू नको. आईला आवडत नाही." दारात दूधवाला आला होता, तिनं फोन ठेवला.

पिशवी अजून कॅमेऱ्यावर आहे. ती काढ असं मी म्हटलेलं नाही. जूनपासून महिन्यातून एकदा काकूंना फोन करतो, आईचं मनगट कसं आहे, जिन्यावरून उतरते का, असं विचारतो. आईला हे माहीत नाही.